लंडनच्या जुन्या गोदीत घर घेताना: आइल ऑफ डॉग्ज, रॉयल डॉक्स की सरे डॉक्स?

पुण्या-मुंबईहून बदली होऊन लंडनला येणाऱ्या अनेकांचे ऑफिस कॅनरी व्हार्फला असते, नाहीतर सिटीत, म्हणजे लंडनच्या जुन्या आर्थिक केंद्रात. घर शोधायला बसले की एजंटच्या यादीत 'वॉटरफ्रंट' हा शब्द पहिल्या अर्ध्या तासात येतो. सगळ्या जाहिरातींत तेच निळे पाणी, तीच बाल्कनी, तेच संध्याकाळचे दिवे. प्रत्यक्षात हे तीन अगदी वेगळे भाग आहेत, आणि घर ठरवण्याआधी तो फरक समजून घ्यायला हवा, कारण करारावर सही झाली की पुढचे वर्ष तरी तिथेच काढायचे असते.

तिन्ही भाग एकाच बंदराचे तुकडे. कंटेनरची मोठी जहाजे आली, ती या गोद्यांत मावेनात आणि धंदा नदीच्या मुखाकडे टिलबरीला सरकला. सरेच्या गोद्या 1970 मध्ये बंद झाल्या, आइल ऑफ डॉग्जच्या वेस्ट इंडिया 1980 मध्ये, रॉयल 1981 मध्ये. त्याच 1981 साली सरकारने डॉकलँड्ससाठी, म्हणजे या सगळ्या गोदी परिसरासाठी, विकास महामंडळ नेमले, ते 1998 पर्यंत चालले. पुढे कुठे पाणी बुजवले, कुठे ठेवले, कुठे मधोमध विमानतळ बांधला. त्या निर्णयांवर आज तुमच्या खिडकीतून काय दिसेल, मूल कुठे खेळेल आणि शनिवारी सकाळी झोप लागेल की नाही, हे ठरते. म्हणून मी घराच्या आधी गोदी बघायला सांगते.

आइल ऑफ डॉग्ज

1802 मध्ये उघडलेल्या वेस्ट इंडिया डॉक्समध्ये कॅरिबियनची साखर आणि रम उतरायची. गुलामांच्या घामाची साखर होती ती. एका जुन्या गोदामात आता लंडन म्युझियम डॉकलँड्स आहे आणि हा इतिहास तिथे लपवलेला नाही. इथे राहायला आलात तर मुलांना घेऊन आधी तिथे जा, मग बाकीचे बघा.

इथले पाणी बरेचसे राखले, पण 1982 मध्ये एंटरप्राइझ झोन जाहीर करून करात सूट दिली आणि बांधकामाचे नियम सैल केले. त्यातून कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले. 1991 चा वन कॅनडा स्क्वेअर 235 मीटर उंच आहे, आणि आता त्याच्याभोवती राहत्या इमारतींचीही दाटी झाली आहे. हे बेट टॉवर हॅम्लेट्स या बरोमध्ये (स्थानिक प्रशासकीय विभागात) येते. 2021 च्या जनगणनेत हा बरो इंग्लंडमध्ये सर्वांत दाट वस्तीचा निघाला. लिफ्टसमोरची सकाळची रांग पाहिली की आकडा पटतो.

वाहतुकीत मात्र याला तोड नाही. भूमिगत रेल्वेची ज्युबिली लाइन, डीएलआर (डॉकलँड्सची हलकी रेल्वे) आणि 2022 पासून एलिझाबेथ लाइन. हीथ्रोला थेट गाडी आहे, त्यामुळे आईबाबा बॅगा घेऊन उतरले की एका गाडीत घरी. पुढचेच स्टेशन व्हाइटचॅपल, तिथल्या बाजारात बांगलादेशी दुकानांतून भेंडी, कारली, मेथी, हिरव्या मिरच्या सगळे मिळते. पॉप्लरचा क्रिस्प स्ट्रीट बाजार त्याहून जवळ. ज्युबिली लाइनने थेट डॉलिस हिलला जाता येते, आणि महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिथेच आहे. गणपतीच्या दिवसांत साडी नेसून गाड्या बदलत जायचे नसेल, तर हे कारण लहान नाही.

उणे काय? मनोऱ्यांच्या मधून हिवाळ्यात वारा असा येतो की छत्री उलटते. मनोऱ्यातल्या घरात सहसा गॅस नसतो, इंडक्शनची शेगडी असते. विस्तवावर फुलका फुगवणे बंद, आणि स्वयंपाकघर बैठकीतच असल्याने मोहरी तडतडली की धुराची घंटा. काचेच्या भिंती उन्हाळ्यात तापतात. घर बघायला गेलात की खिडकी किती उघडते ते स्वतः उघडून बघा.

बेटाच्या दक्षिणेला मडशूट, आयलंड गार्डन्सकडे वस्ती एकदम बदलते. मिलवॉल डॉकचा उपसलेला गाळ जिथे टाकला तिथेच आज मडशूटचे शेत आहे, 32 एकर, मेंढ्या आणि गायी असलेले. नदीखालच्या 1902 च्या पायी बोगद्याने ग्रिनिचला चालत जाता येते. जुन्या गोदी कामगारांची कुटुंबे, बंगाली कुटुंबे, नवे भाडेकरू असे सगळे इथे आहेत. बेटावर राहायचेच असेल तर मी हा भाग सुचवेन.

रॉयल डॉक्स

तीन गोद्या, उघडल्या त्या अशा: व्हिक्टोरिया 1855, आल्बर्ट 1880, किंग जॉर्ज पाचवा 1921. तिन्हींचे मिळून सुमारे 250 एकर पाणी. एवढे बुजवणार कोण? म्हणून ते राहिले, आणि आकाशही मोकळे राहिले. पी अँड ओ या जहाज कंपनीच्या बोटी आल्बर्ट डॉकात लागायच्या. त्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी खलाशी असत आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या सेवेला, गोव्याचे लोक. आपल्या माणसांनी या धक्क्यांवर थंडीत कुडकुडत दिवस काढले आहेत, पण त्यांची आठवण सांगणारी पाटी नव्या इमारतींच्या भागात सहज सापडत नाही. ती असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

घरांचा हिशेब बघू. साधारणपणे त्याच भाड्यात इथे कॅनरी व्हार्फपेक्षा मोठे आणि नवे घर मिळते. एकतर सगळे नवे आहे, दुसरे म्हणजे काही मोठे तुकडे अजून बांधून व्हायचे आहेत. सिल्व्हरटाउनची मिलेनियम मिल्स कित्येक दशके रिकामी उभी होती. दुकान, दवाखाना, शाळा ही इमारतींच्या मागून येतात, आणि ती मधली वर्षे तुम्ही तिथे राहत असता.

मग विमाने. 1987 मध्ये सुरू झालेल्या सिटी विमानतळाची धावपट्टी दोन गोद्यांच्या मधोमध आहे. शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत उड्डाणे बंद असतात. बरेच लोक नेमके त्याच वेळात घर बघायला जातात आणि म्हणतात, किती शांत आहे! कामाच्या दिवशी सकाळी सातला जा. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे उड्डाणाची बाजू बदलते, म्हणून एका फेरीवर ठरवू नका. सिल्व्हरटाउनला साखरेचा कारखाना अजून चालू आहे, पूर्वेला बेक्टनचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. वाराच ठरवतो, कोणता वास येणार.

स्टेशनच्या बाबतीत नकाशा फसवतो. एलिझाबेथ लाइनचे स्टेशन कस्टम हाउसला, म्हणजे गोदीच्या उत्तर काठावर आहे. सिल्व्हरटाउनच्या बाजूला तीच गाडी जमिनीखालून जाते, पण थांबत नाही. दक्षिण काठावर घर असेल तर व्हिक्टोरिया डॉकवरचा उंच पादचारी पूल ओलांडायचा, नाहीतर डीएलआरने फिरून जायचे. बाबागाडी असेल तर पुलाची लिफ्ट चालू असण्यावर सगळे अवलंबून. म्हणून उत्तर काठ आणि दक्षिण काठ यांचे भाडे सारखे असेल तर डोळे मिटून उत्तर काठ घ्या. गाडी असेल तर एप्रिल 2025 ला उघडलेल्या सिल्व्हरटाउन बोगद्याने ग्रिनिचकडे लवकर जाता येते, पण त्या बोगद्यालाही टोल आहे आणि तेव्हापासून जुन्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही.

ईस्ट हॅम बसच्या अंतरावर आहे: देवळे, दक्षिण भारतीय खानावळी, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या. तेवढ्यासाठी अनेक कुटुंबे आवाज सोसतात, आणि मला ते समजते.

सरे डॉक्स

नदीच्या दक्षिणेला रॉदरहाइथच्या वळणात लाकडाच्या गोद्या होत्या. बाल्टिक आणि कॅनडाहून आलेल्या फळ्यांच्या राशी लागायच्या, आणि हमाल त्या खांद्यावरून वाहायचे. 7 सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात हेच लाकूड पेटले. बंदर बंद झाल्यावर बहुतेक गोद्या बुजवून टाकल्या. ग्रीनलँड डॉक, साउथ डॉक, कॅनडा वॉटर आणि सरे वॉटर एवढेच पाणी उरले.

एखादा म्हणेल, मग वॉटरफ्रंट कसला? पण बुजवलेल्या जमिनीवर काय आले ते बघा. रशिया डॉकच्या जागी झाडी आहे आणि त्या झाडीत जुन्या धक्क्याची भिंत अजून दिसते. राडारोड्याची स्टेव्ह हिल नावाची टेकडी आहे, तिच्या माथ्यावर जुन्या गोद्यांचा ब्राँझचा नकाशा. तीन मजल्यांच्या वर न जाणारी विटांची घरे आहेत, त्यातल्या कित्येकांना मागे परसदार आहे. 1980 च्या दशकातली ही घरे दिसायला साधी, पण त्यांत मुले वाढतात, तुळस जगते, शेजारी ओळखतात. सायकल शिकायला रस्ते आहेत. सरे डॉक्स फार्मवर शेळ्या आहेत.

कॅनडा वॉटरहून कॅनरी व्हार्फ ज्युबिली लाइनचे एकच स्टेशन. लंडन ब्रिज उलट दिशेला दोन. ओव्हरग्राउंड ही शहरी रेल्वेही आहे. आपल्या किराण्याचे दुकान मात्र जवळ नाही, आठवड्याला एकदा पिशव्या घेऊन बाहेर पडावे लागते. आणि कॅनडा वॉटरभोवती 53 एकरांवर नवे शहरकेंद्र बांधले जात आहे, सुमारे 3,000 घरांचे. म्हणजे क्रेन, ट्रक, धूळ. त्या जागेला लागून घर घेऊ नका, ग्रीनलँड डॉककडे सरका.

मूल असेल किंवा होणार असेल तर माझे उत्तर सरे डॉक्स. एकटे किंवा दोघेच, पहिले वर्ष, सगळे भाड्याने, तर बेटाचा दक्षिण भाग. रॉयल डॉक्स त्यांच्यासाठी, ज्यांना जागा मोठी हवी आहे आणि भोवतालचा परिसर पूर्ण होईपर्यंत थांबायची तयारी आहे.

विकत घेणार असाल तर

यातले फ्लॅट जवळजवळ सगळे लीजहोल्ड. जमीन दुसऱ्याची, तुमच्याकडे ठरावीक वर्षांचा हक्क. 30 जून 2022 पासूनच्या नव्या लीजवर ग्राउंड रेंट (जमिनीचे भाडे) आकारता येत नाही, पण त्याआधीच्या लीजवर असू शकते. सर्व्हिस चार्ज ही खरी रक्कम. जिम, पोहण्याचा तलाव, रात्रंदिवस माणूस बसलेले काउंटर, लिफ्ट या सगळ्याचे पैसे तुम्हीच देता, वापरा न वापरा. मागच्या तीन वर्षांचा हिशेब सॉलिसिटरमार्फत (वकिलामार्फत) मागा आणि वाढ किती झाली ते बघा.

2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला लागलेल्या आगीनंतर इमारतींच्या बाहेरच्या आवरणाचा प्रश्न मोठा झाला. भिंतीच्या तपासणीचा ईडब्ल्यूएस1 फॉर्म नसेल तर काही इमारतींवर बँक कर्ज देत नाही. ऑफर देण्याआधी तो विचारा, नंतर नको. सामाईक हीटिंग असेल तर पुरवठादार बदलता येत नाही, म्हणून आत्ताच्या मालकाचे हिवाळ्यातले बिल बघा. खरेदीच्या आधीच्या वर्षात ब्रिटनमध्ये 183 दिवस राहिला नसाल तर स्टँप ड्यूटीवर 2 टक्के जादा लागतात. नुकतेच आला असाल, तर वर्षभर भाड्याने राहण्याचे हे आणखी एक कारण.

शेवटी पाण्याचा मालक विचारा. बेटावरच्या गोद्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, ग्रीनलँड आणि साउथ डॉक सदर्क कौन्सिलकडे, रॉयलच्या पाण्यासाठी वेगळे व्यवस्थापन प्राधिकरण आहे. गोदीची भिंत दुरुस्त करायची वेळ आली, शेवाळ आणि कचरा काढायचा झाला, तर त्यातला वाटा तुमच्या इमारतीच्या खर्चात येतो का, हे लीजमध्ये कुठे लिहिले आहे ते सॉलिसिटरकडून लेखी घ्या.