हक्काची प्रत मी तीन हजारांना विकत घेतली

व्यापाऱ्यानं द्राक्षाचे पैसे बुडवले, याचं आमच्या तासगाव-पलूस पट्ट्यात कुणाला नवल नाही. इसार हातावर टेकवायचा, बाग उतरवायची, मग फोन बंद. चार किलोची पेटी 160 रुपयांनी, 3,310 पेट्या, झाले 5,29,600. इसार दीड लाख. राहिलेले 3,79,600 गेले. इसारावर माल दिलाच कसा, असं विचारू नका. 31 मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरायचं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. तुम्हीही दिला असता.

मला जाळतंय ते पुढचं. 18,500 रुपये मी माझ्या हातानं दिले.

पोलीस ठाण्यात आठ हेलपाटे "व्यवहारातलं आहे, दिवाणी दावा लावा" एवढंच ऐकण्यात गेले. नवव्या खेपेला गुन्हा नोंदवला. प्रत मागितली तर साहेब बंदोबस्तात! बाहेर चहाच्या गाड्यावर एकानं हेरलं. "पाव्हणं, काय अडलंय?" एफआयआरच्या प्रतीचे 3,000, सरकारी नुकसानभरपाईच्या फाईलचे 15,500. पैसे मेव्हणीच्या नंबरवर टाका म्हणाला. मेव्हणीच्या! सरकारी फी कधी कुणाच्या मेव्हणीकडं जाते का? बायको तिथंच म्हणाली, मी तिलाच गप्प केलं.

फिर्यादीला प्रत फुकट द्यायची असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, जुन्या कायद्यातही होतं. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं करायचा, त्याला एजंट लागत नाही. आणि ती योजना जीव गेला, अवयव गेला, अत्याचार झाला अशांसाठी. द्राक्षाच्या उधारीसाठी नव्हेच. सांगलीच्या कोर्टात एका बाईंनी हे दोन मिनिटांत सांगितलं. ठाण्याच्या भिंतीवर दोन ओळी लिहायला काय जातं?

गुन्हा घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोहोच जपा. तिथंही दाद नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. वजनकाट्याच्या पावत्या फेकू नका, माझ्या दोन पावत्या उंदरांनी खाल्ल्या.

एजंटाची तक्रार द्यायला गेलो तर हवालदार हसला. "काका, तुम्हाला हौसच दिसते." त्या कागदाला अजून पोहोच नाही. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असंही त्याच कायद्यात आहे. माझे 140 झाले. परवा विचारायला गेलो, तर मलाच विचारतात, व्यापाऱ्याचा पत्ता लागला का?