६,२०० रुपयांचा बॅकअप : शूटिंगवाल्यांनो, डबा उघडून बघा

नकली डब्यावर बॅकअप घेऊन माझी जवळजवळ सगळी लग्नं उडाली. आधी आकडे सांगतो, कारण किती गेले, हेच भेटेल तो पहिलं विचारतो. २ टीबीची पोर्टेबल एसएसडी (आत फिरती तबकडी नसलेली डिस्क) ३,२०० रुपये. बॅकअप, नवे पार्टिशन (डिस्कचे कप्पे) आणि डेटा परत टाकणे २,५००. विंडोजचे ५००. झाले ६,२००. त्यापायी एका पार्टीला परत दिले २५,०००, दुसऱ्या पार्टीकडची बाकी सोडली १८,०००, आणि पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यानं नुसतं तपासायचे घेतले १,५००. एकूण ५०,७००. गावात नाव गेलं ते वेगळं.

मी लग्नाची शूटिंग करतो. उदगीर, अहमदपूर, कंधार, गंगाखेड, जिथली ऑर्डर येईल तिथं. माझ्या मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, २ टीबीची एकच हार्डडिस्क, तिचे सी, डी, ई असे तीन पार्टिशन. सी फक्त १०० जीबीचा, कायम लाल पट्टीत. एडिटिंग चालू असताना सॉफ्टवेअर बंद पडायचं. सी वाढवायचा तर त्याला लागून मोकळी जागा पाहिजे, आणि तिथं डी बसलेला, लग्नांनी भरलेला. म्हणजे सगळा डेटा बाहेर काढा, पार्टिशन उडवा, नव्यानं पाडा, डेटा परत आत टाका. काम एवढंच. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दुकान आहे, आमच्या धंद्यातले निम्मे लोक तिथंच जातात. नाव लिहीत नाही, वकिलानं नको म्हटलंय.

दुकानदार म्हणाला, "दादा, टेन्शन कशाला घ्यायलाव? पूर्ण इमेज काढतो पार्टिशनसकट. जसंच्या तसं परत." इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल. मग त्यानं काचेतनं एक काळा डबा काढला, हीच ती एसएसडी. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, निळा दिवा, वर छापलेलं २ टीबी. ३,२०० रुपये. आता सगळे शहाणे मला सांगतात की त्या पैशात २ टीबीची साधी फिरती हार्डडिस्कसुद्धा मिळत नाही, एसएसडी कुठली? बरोबर आहे. पण तो म्हणाला की कंपनीचा स्कीमचा माल आहे, आणि समोर दुसरं गिऱ्हाईक तोच डबा घेऊन जात होतं. तुम्ही असता तर काय केलं असतं?

बिलाचं विचारलं तर, "पक्कं पाहिजे तर १८ टक्के जीएसटी लागंल बघा." ६,२०० वर १,११६ रुपये. मी कच्ची चिठ्ठी घेतली. ३,२०० फोनवरनं दिले, ३,००० रोख. आज पुरावा म्हणून फोनवरचा तो एक मेसेज उरलाय, बाकी चिठ्ठीवर ना सिरियल नंबर, ना दुकानाचा शिक्का. तुम्ही पक्कंच घ्या, आणि डब्याचा सिरियल नंबर बिलावर लिहून मागा. नकली माल विकणारा तिथंच कुरकुर करतो.

संध्याकाळी चारला मशीन दिली, दुसऱ्या दिवशी अकराला गेलो. १,३४० जीबी कॉपी झालेलं. पुढचं मात्र डोक्यातनं जात नाही. त्यानं डबा जोडला, फोल्डर उघडले. सगळ्या लग्नांची नावं दिसत होती, साइज बरोबर. सगळ्यात वरच्या फोल्डरमधले फोटो उघडून दाखवले, चकचकीत. मी म्हटलं, खालचं ते डिसेंबरचं उघडा. उघडलं तर फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन. "थंबनेल बनायलेत दादा, मोठा ड्राइव्ह आहे, टाइम लागतो." त्याच वेळी माझा फोन वाजला, पार्टीवाले हळदीला मंडपात येऊन थांबलेले. मी म्हटलं बरं, करा पुढं.

एका फोटोवर दोनदा क्लिक केलं असतं तर तिथंच कळलं असतं. पण दिवसाला दोन-दोन तिथ्या असताना दुकानात बसून फोटो मोजायला मला वेळ होता का? बघायचे २,५०० त्याला दिले होते ना मी?

रात्री घरी मशीन लावली. सी ऐसपैस, ४०० जीबी. डीमध्ये सगळे फोल्डर जागेवर. पहिल्या फोल्डरातले फोटो ठीक, पुढं एकही व्हिडिओ चालेना. साइज ४० जीबी दाखवतंय, आत शून्य. डब्याचं कव्हर चाकूनं उचकटलं. आत नखाएवढं सर्किट, त्यात ६४ जीबीचं मोबाइलचं मेमरी कार्ड, आणि वजन यावं म्हणून गरम गोंदानं चिकटवलेली लोखंडी पट्टी. मोबाइलचं कार्ड! चिपला शिकवून ठेवलेलं असतं की कॉम्प्युटरला २ टीबी सांग. ६४ जीबी भरले की पुढचा डेटा घेतल्यासारखं करायचं आणि सोडून द्यायचं. एरर येत नाही. कॉपी १०० टक्के पूर्ण दिसते.

आणि ‘इमेज’ तर काढलीच नव्हती, नुसतं कॉपी-पेस्ट. क्लोनझिलासारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरनं खरी इमेज काढली असती तर शेवटी ती परत लावता येते का, हे तपासायची सोय त्यातच आहे. तपासणी तिथंच नापास झाली असती आणि माझे पार्टिशन शाबूत राहिले असते. कुणी ‘इमेज काढतो’ म्हणालं की विचारा, व्हेरिफाय केली का? दाखवा.

पुण्याचा रिकव्हरीवाला जे म्हणाला त्यानं जास्त जळलं. नुसतं पार्टिशन उडवलं असतं किंवा क्विक फॉरमॅट मारलं असतं, तर हार्डडिस्कवरचा डेटा बराचसा निघतो. टेस्टडिस्क नावाच्या फुकटच्या टूलनंसुद्धा उडालेलं पार्टिशन कित्येकदा परत येतं. पण ह्या पठ्ठ्यानं ‘रिस्टोअर’ केलं! म्हणजे त्या डब्यातला पोकळ डेटा, १,३४० जीबी, माझ्या खऱ्या डेटाच्या डोक्यावर लिहिला. जिथं नवीन लिहिलं गेलं तिथलं जुनं संपलं. उरलेल्या कोपऱ्यातनं काही फोटो निघतील, नावं-तारखा नाहीत, खर्च २८,००० आणि गॅरंटी शून्य. मी डिस्क परत आणली. म्हणून सांगतो, जुनी डिस्क कुणाला फॉरमॅट करू देऊ नका. नवे पार्टिशन पाडायचे तर नव्या डिस्कवर पाडा, जुनी कपाटात टाका. आणि डेटा गेल्याचं कळलं की मशीन लगेच बंद. विंडोजचं चेक डिस्कसुद्धा चालवू नका.

कॅमेऱ्यातली कार्डं का ठेवली नाहीस, असं विचारणारेही भेटले. एका लग्नाला चार कार्डं भरतात, दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न. लाखभर रुपयांची कार्डं कपाटात ठेवून धंदा होत नसतो.

दुकानदार म्हणतो, "मलाबी वरूनच तसा माल आला, मी काय फोडून बघतो का?" अन् ३,२०० परत द्यायलाही तयार नाही. कव्हर उघडलं म्हणून वॉरंटी गेली म्हणे.

मग ठाणं. आमच्या ठाण्यात सांगितलं, दुकान दुसऱ्या हद्दीत, तिकडं जा. तिकडं गेलो तर हवालदार म्हणाले, "मशीन रिपेरीचं भांडण आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, साहेब, फसवणूक आहे, चारशे वीस. तर हसून म्हणाले, "आता नव्या कायद्यात ते तीनशे अठरा झालंय." कलम पाठ आहे, तक्रार मात्र घ्यायची नाही! हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात घ्यायची तक्रार) नोंदवायची तरतूद नव्या कायद्यात लिहिलेली आहे, हे मी तिथं सांगितलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या साहेब होते, पण अर्ज घेणारा नव्हता. मेमरी कार्ड चिकटवलेला तो डबा टेबलावर ठेवला तर एकानं विचारलं, चार्जर आहे का? शेवटी अर्जावर पोच दिली, तीही शिक्का सापडत नाही म्हणून नुसती सही. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर ऑनलाइन पैसे गेल्यावर कामाचा. दुकानात उभं राहून, माल घेऊन दिलेल्या पैशाला तिथं खातं नाही.

ग्राहक आयोगाकडं, म्हणजे पूर्वीच्या मंचाकडं, २०१९ च्या कायद्याप्रमाणं ५ लाखांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. हे कुणी सांगत नाही. खिडकीवर पहिला प्रश्न, पक्कं बिल कुठंय? वकील म्हणतो फोनवरचा मेसेज आणि चिठ्ठी चालेल. तक्रार टाकलीय.

एका मुलीचे वडील घरी आले होते. शिव्या देतील असं वाटलं होतं. म्हणाले, "आता काय, मांडव परत घालून अक्षता टाकायच्या का?" २५,००० मोजून दिले. काय बोलणार?

तुमच्याकडं असला स्वस्तातला डबा असेल तर आज रात्रीच रिकामा करून एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाचं सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण डबा भरतं आणि लिहिलेलं परत वाचून खरं किती ते सांगतं. रात्र जाईल, कदाचित पुढचा दिवसही, जाऊ द्या. कुठलाही बॅकअप झाला की सगळ्यात शेवटच्या फोल्डरातला सगळ्यात मोठा व्हिडिओ मधोमध चालवून बघा. आणि डीमध्ये कॉपी आहे म्हणून निवांत बसणाऱ्यांनो, सी आणि डी एकाच डिस्कवर असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात.

परवा त्या दुकानावरून गेलो. काचेत तोच काळा डबा, आता वर ४ टीबी छापलंय, ३,८०० ला. कुणी घेतला असेल तर कच्ची चिठ्ठीसुद्धा फेकू नका. आयोगाच्या परवानगीनं एकाच प्रकारच्या तक्रारी एकत्र करता येतात, आणि माझी अजून एकट्याचीच आहे.