मोंती की ग्रिल्लो? मंदीतल्या इटलीपुढचे दोन रस्ते

नोव्हेंबर २०११ मध्ये इटलीच्या सरकारी रोख्यांवरचं व्याज सात टक्क्यांच्या वर गेलं, बर्लुस्कोनी पायउतार झाले आणि अर्थतज्ज्ञ मारिओ मोंती पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात एकही पक्षीय राजकारणी नव्हता. दुसरीकडे विनोदी कलाकार बेप्पे ग्रिल्लो यांची ‘पंचतारा चळवळ’ होती. सगळेच जुने पक्ष घरी बसवा, ही तिची मागणी.

मोंतींनी महिन्याभरात निवृत्तीचं वय वाढवलं, राहत्या घरावर पुन्हा कर लावला. पेन्शनकपात जाहीर करताना मंत्री एल्सा फोर्नेरो यांना पत्रकारांसमोरच रडू कोसळलं. ते अश्रू खरे होते, असं मला मनापासून वाटतं. पण नोकरी सोडून पेन्शनची वाट पाहणारे हजारो लोक मधेच लटकले, ना पगार ना पेन्शन. त्यांना इटलीत ‘एसोदाती’ म्हणू लागले. तिजोरी सावरण्याच्या घाईत ही माणसं हिशेबातून सुटली, आणि हा दोष मी मोंतींच्या पदरात टाकतो.

ग्रिल्लो यांनी हाच राग मतपेटीपर्यंत नेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी चळवळीला २५ टक्क्यांहून अधिक मतं पडली, मोंतींच्या आघाडीला जेमतेम दहा. पण कर्ज कसं फेडायचं, याचं पटेल असं उत्तर चळवळीकडे नव्हतं. गरिबांसाठीचं ‘नागरिक उत्पन्न’ मात्र तिने सत्तेत आल्यावर २०१९ मध्ये खरंच सुरू केलं.

त्या एका वर्षासाठी मी मोंतींनाच निवडेन. पुढच्या दहा वर्षांसाठी नाही.