‘बोर्डाचं पासिंग आमच्याकडे लागलं’

बॉयलरच्या चिमणीबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाची, म्हणजे बोर्डाची (एमपीसीबी), नोटीस आली की यंत्रणा विकणाऱ्याचा असा एक फोन ठरलेला. बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून धूर गाळणारी पेटी), चिमणीची तपासणी, कन्सेंटचं म्हणजे कारखाना चालवायच्या बोर्डाच्या परवानगीचं नूतनीकरण, सगळं एका रकमेत. ‘एमपीसीबीचं पासिंग आमच्याकडे लागलं.’ एमआयडीसीतल्या दोन ते पाच टनी बॉयलरवाल्यांच्या गळ्यात हे पॅकेज सहज पडतं. त्यात खोट दोन जागी असते, पेटीत आणि कागदात.

पण सुरुवात मर्यादेच्या आकड्यापासून होते. केंद्राच्या नियमांत ताशी २ ते १० टन वाफेच्या बॉयलरला धुळीची मर्यादा ८०० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर (ठरावीक तापमान-दाबावर आणलेला घनमीटर) आहे. हा आकडा दाखवून नुसता मल्टिसायक्लोन (धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारं यंत्र) खपवला जातो. कन्सेंटच्या अटींत मात्र बऱ्याचदा १५० लिहिलेलं असतं, आणि पाळायचं तेच. मल्टिसायक्लोन जाड राख धरतो. १० मायक्रॉनखालची बरीचशी निसटते. कोळशावर १५० गाठायचं तर बहुधा बॅग फिल्टरला पर्याय नाही.

आता पेटी. समजा, ३ टनी बॉयलर कोळशावर चालतो. तासाला ४५० ते ५०० किलो कोळसा जळतो आणि १६० अंश तापमानाचा साधारण ६,००० घनमीटर धूर निघतो, म्हणजे मिनिटाला १००. कापडातून धूर मिनिटाला १ मीटरच्या आसपासच जायला हवा, म्हणून कापड लागतं १०० चौरस मीटर. १६० मिलिमीटर व्यासाची, ३ मीटर लांबीची बॅग दीड चौरस मीटर भरते. हिशेबाने ६६-६७ बॅगा झाल्या. पॅकेजमध्ये येतात ३६, कारण कोटेशनवर संख्या नसतेच, ‘बॉयलरला योग्य क्षमतेचा’ एवढंच असतं. मग वेग १.८ वर जातो, राख कापडात रुतते आणि हवेच्या झटक्यानेही झडत नाही. मॅनोमीटरवर (बॅगांच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारं मापक) १०० ते १५० मिलिमीटर पाणी दिसायला हवं, ते दुपटीकडे चढतं. धूर ओढणाऱ्या आयडी फॅनला ओढ पुरत नाही, भट्टीच्या दारातून धूर बाहेर येतो. तक्रार केली की माणूस येतो आणि बायपासचा डँपर, म्हणजे फिल्टर टाळून धूर थेट चिमणीत सोडणारी झडप, उघडून जातो. काटा खाली, ऑपरेटर खूश, चिमणी होती तशीच काळी! एरवीही काटा १०-२० वर पडून राहिला तर बायपास उघडा आहे किंवा बॅगा फाटल्या आहेत, असंच समजा.

कापडातही हात मारतात. कोटेशनला नोमेक्स (जास्त उष्णता सोसणारं कापड), आत पॉलिस्टर. पॉलिस्टर जेमतेम १३० अंश सोसतं. १६० अंशांच्या धुरात ते आकसून कडक होतं आणि फाटतं. बसवण्याआधी एका बॅगेचा कोपरा कापून काडी लावा. पॉलिस्टर वितळून त्याचा मणी होतो. नोमेक्स वितळत नाही, काळं पडून कोळपतं.

कागदाची गंमत याहून मोठी आहे. रिपोर्टवर धूळ ११० दिसते आणि मालक निवांत होतो. त्याच पानावर कार्बन डायऑक्साइडचा रकाना असतो, तिकडे कोणी बघत नाही. केंद्राची बॉयलरची मर्यादा १२ टक्के कार्बन डायऑक्साइड धरून आहे. रकान्यात ५ असेल तर ११० ला १२ ने गुणून ५ ने भागायचं: २६४. कोळशावर नीट जळणाऱ्या बॉयलरला ८ ते १२ टक्के यायला हवेत. ५ आले म्हणजे धुरात बाहेरची हवा मिसळली आहे. हॉपरखालच्या (राख साठणाऱ्या नरसाळ्याखालच्या) एअरलॉकमधून, म्हणजे हवा न शिरू देता राख सोडणाऱ्या झडपेतून, फाटक्या गॅस्केटमधून, नाहीतर तपासणीपुरता मुद्दाम सैल ठेवलेल्या झाकणातून. राख तेवढीच, फक्त पाणी घातलेल्या दुधासारखी पातळ.

काही रिपोर्ट तर चिमणीवर न चढताच तयार होतात. ते ओळखायला चार आकडे पुरतात. बॉयलरवरचा थर्मामीटर १६० दाखवतो आणि रिपोर्टमध्ये धूर ६८ अंशांचा. चिमणीचा व्यास दुसऱ्याच कारखान्याचा. वेगाला क्षेत्रफळाने गुणलं तर प्रवाह जुळत नाही; ४५० मिलिमीटर व्यासाच्या चिमणीत वरच्या ६,००० घनमीटरला सेकंदाला साडेदहा मीटर वेग यायला हवा. आणि नमुन्याची तारीख लॉगबुकशी ताडून पाहा, त्या दिवशी बॉयलर बंदच होता असंही निघतं. खऱ्या तपासणीत चिमणीवरचं नमुन्याचं भोक (पोर्ट होल) उघडतं, वेग मोजणारी पिटोट ट्यूब आत जाते, वेग मोजून त्याच वेगाने धूर थिंबलमध्ये (धूळ अडकवणाऱ्या गाळणीत) ओढला जातो. थिंबल आधी आणि नंतर वाळवून वजन करायचं असतं. संध्याकाळीच छापील रिपोर्ट हातात आला तर वजन कधी केलं, हे विचारा.

रिपोर्टवर एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) शिक्का असेल तर यूएलआर क्रमांकात, म्हणजे प्रत्येक रिपोर्टच्या वेगळ्या क्रमांकात, लॅबचा प्रमाणपत्र क्रमांक असतो. तो एनएबीएलच्या संकेतस्थळावर ताडून लॅबच्या स्कोपमध्ये (मान्यता असलेल्या तपासण्यांच्या यादीत) चिमणीतली धूळ आहे का, ते बघा. पाण्याच्या तपासणीची मान्यता इथे कामाची नाही. बॉयलर इन्स्पेक्टरचं प्रमाणपत्रही नाही. ते दाबाच्या सुरक्षिततेचं असतं, धुराचं नव्हे.

कन्सेंटची फी पोर्टलवर ऑनलाइन भरली जाते. ‘आतल्या माणसासाठी’ रोख मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. ऑर्डरवर बॅगांची संख्या, माप, कापड, कापडाचं एकूण क्षेत्रफळ लिहून घ्या आणि शेवटचा तीस टक्के हप्ता रोखून धरा. तो द्यायचा पूर्ण लोडवर, बायपासला सील लावून, तुम्ही निवडलेल्या लॅबने नमुना घेतल्यावर आणि १२ टक्क्यांवर आणलेला आकडा कन्सेंटच्या मर्यादेत बसल्यावर. या अटीवर सही करायला पॅकेजवाला सहसा तयार होत नाही.