सेल्फ मारत नसलेल्या जुन्या गाडीसाठी डीटी-८३०डी मल्टिमीटर: घ्यावा का?

घ्यावा. तीनशे रुपयांच्या आत मिळणारा हा पिवळा-काळा मीटर जुन्या बोलेरो, सुमो, कमांडर, मारुती ८०० किंवा ओम्नीच्या मालकाचे हजारो रुपये वाचवू शकतो. फक्त त्यातला बझर, म्हणजे वायर जोडलेली असली की वाजणारी सोय, विसरायचा आणि डायल डीसी २० व्होल्टवर ठेवायची. हा मीटर घेऊनही लोक चांगला सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उतरवून दुरुस्तीला देतात, त्यामागे बहुतेक वेळा बझरच असतो.

वस्तू साधी आहे. आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, समोर १९९९ पर्यंत आकडे दाखवणारा डिस्प्ले आणि मधोमध गोल डायल. काळी वायर कॉम लिहिलेल्या छिद्रात आणि लाल शेजारच्या व्होल्ट-ओहमच्या छिद्रात घालायची. २० व्होल्टच्या रेंजवर ०.०१ व्होल्टचा फरक दिसतो, आणि स्टार्टिंगच्या तक्रारीला तेवढा पुरतो.

आधी बॅटरी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की बॅटरीचं पाणी लवकर आटतं आणि आतल्या प्लेटी गंजतात. तिचा जीव उन्हाळ्यात कमी होतो, पण ती बसल्याचं कळतं जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतल्या थंड सकाळी, जेव्हा डिझेल इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, म्हणजे वरवरचा चार्ज उतरेल. मग दोन्ही खुंट्यांवर मीटर लावा. १२.६ आलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्जिंगला द्या. त्याआधी पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

पण उभ्या गाडीचे १२.६ फसवे असू शकतात, म्हणून आता सेल्फ मारून बघायचं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची बारीक वायर काढा, डिझेलमध्ये इंधन तोडणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा किंवा स्टॉपची दोरी ओढून धरा. एकाने तीन-चार सेकंद चावी धरायची, दुसऱ्याने आकडा बघायचा. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे झटका देऊन सोडली तर काही दिसत नाही. आकडा ९.६ च्या वर टिकला तर बॅटरी ठीक. सहा-सातवर कोसळला आणि सेल्फ टकटकटक वाजला, तर बहुधा बॅटरी गेली. चांगली बॅटरी लावूनही तसंच झालं, तर सेल्फ किंवा इंजिन जाम आहे. आकडा १२ वरच राहिला आणि आवाजही नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही किंवा सेल्फचे कार्बन (आतले ब्रश) संपलेत.

मीटरचे पैसे खरे वसूल होतात पुढच्या तपासणीत. गॅरेजमध्ये ती क्वचितच होते. लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटीच्या शिशावर टेकवा, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नको. काळं टोक सेल्फच्या जाड नटावर. चावी मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आता अर्थिंग, म्हणजे मायनसची बाजू: लाल टोक इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या जागेवर, काळं मायनस खुंटीवर. चावी मारल्यावर ०.२ ते ०.३ चालेल. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर सेल्फला हात लावू नका; इंजिनला जोडलेली अर्थिंगची पट्टी काढा. थिंबलखाली (टोकाच्या गोल कडीखाली) हिरवट-पांढरी भुकटी आणि बोल्टवर गंज सापडेल. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. पट्टी तुटली की करंट मिळेल ती वाट धरतो, कधी अॅक्सिलरेटरची नाहीतर चोकची वायर. दोन-चारदा सेल्फ मारून ही वायर हाताला गरम लागली तर मीटरचीही गरज नाही, निदान झालं.

हेच काम बझर का करू शकत नाही? सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो असं धरा. जोडात ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी तिथेच दीड व्होल्ट खाल्ला जातो. हा मीटर ओहमच्या रेंजवर ०.१ च्या खाली काही दाखवत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त. आणि बझर तर ३० ओहमच्या जोडालाही खुशाल वाजतो. सगळ्या तारा गंजून एकच शाबूत असली तरी तो म्हणणार ‘वायर चांगली’. मग ‘सेल्फच गेलाय बघा’ असं म्हणून सेल्फ खाली येतो.

चावी मारल्यावर एकदाच ‘टक’ होतं आणि लाइट मंद होत नाही, तेव्हा सेल्फवरच्या सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट किंवा कार्बन बघा. काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, म्हणजे ५० नंबरच्या टर्मिनलवर, चावी मारताना किती येतात ते मोजा. सहा-सात व्होल्टच आले तर चावीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळालेत. जुन्या गाड्यांत हे फार. उपाय स्वस्त आहे: चार पिनचा १२ व्होल्ट ३० अँपिअर रिले. ८६ ला चावीची वायर, ८५ अर्थिंगला, ३० ला बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर आणि ८७ वरून सोलेनॉइड. सेल्फ नुसता घूं करून फिरतो, इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणारा दातेरी भाग. त्याला मीटर लागत नाही.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, अशा तक्रारीत याचा उपयोग मर्यादित. सेल्फ मारतानाही कॉइलच्या प्लसवर करंट टिकतो का, डिझेलमध्ये स्टॉप सोलेनॉइडला १२ व्होल्ट येतात का, एवढं कळतं. डिझेलच्या लाइनने हवा घेतली असेल, तर हँडपंपाने हवा काढणं हाच मार्ग.

आता या मीटरच्या उणिवा. मीटरच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की हा आकडा जास्त दाखवतो, म्हणजे मेलेली बॅटरी चांगली वाटते. मीटर आपोआप बंदही होत नाही, त्यामुळे ती हमखास उतरते. नव्या पेन्सिल सेलवर १.५ ते १.६ आलं नाही तर आधी ती बदला. वायरी बारीक असतात, मुळाशी तुटतात; शंभरेक रुपये जास्त घालून सिलिकॉनच्या वायरी घेतलेल्या बऱ्या. एकच तार शाबूत असलेल्या वायरवरही हा बिनओझ्याचे पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, म्हणून सोबत इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून ठेवावा. बल्ब मंद पेटला तर वायर कुजलेली.

१० अँपिअरच्या छिद्राला बहुतेक मीटरांत फ्यूज नसतो. चावी काढलेली असताना रात्रभर बॅटरी कोण खातंय हे बघायला ते चालतं. जुन्या गाडीत ०.०५ च्या वर दिसलं तर टेप किंवा नंतर बसवलेला हॉर्न तपासा. पण तशी जोडणी असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर धुरात जाईल. सेल्फचा करंट मोजायचाच असेल तर डीसी मोजणारा, वायरीभोवती अडकवायचा क्लॅम्प मीटर लागतो. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, ते इथे कुचकामी. आणि डायलवर एसी ७५० लिहिलंय म्हणून हा मीटर शेतातल्या थ्री-फेज मोटारीच्या पेटीत घालू नये. त्या कामाचं इन्सुलेशन याच्यात नाही.

दुकानात घेताना मॉडेलच्या नावातल्या ‘डी’ आणि ‘बी’च्या फरकात पडू नका, बझर नसलेला बी निघाला तरी चालेल. दुकानदाराकडचा एक सेल मोजून बघा, दोन्ही वायरी मुळाशी वाकवून आकडा उडतो का ते बघा. उडाला तर दुसरा पीस मागा.