हॅलोजन की एलईडी? हेडलाइटवरून मॉडेल ठरवताना

मधलं मॉडेल घ्यावं की टॉप, या घोळात असाल आणि दोघांत डोळ्यांत भरणारा फरक हेडलाइटचाच असेल, म्हणजे मधल्याला हॅलोजन आणि टॉपला एलईडी, तर माझं थोडं ऐका. मी दोन्ही वापरलेत. आधीच्या गाडीला एलईडी होते, आताच्या गाडीला साधे हॅलोजन.

उजेडात एलईडी सरस, यात वाद नाही. काळोखात कडेने चाललेला माणूस आधी दिसतो. आंबोलीच्या धुक्यात मात्र मला पिवळा उजेडच बरा वाटतो, पांढरा धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. हा कदाचित माझ्या डोळ्यांचाही दोष असेल.

पण माझं घोडं अडलं ते उजेडावर नाही. एलईडीवाल्या गाडीत तिसऱ्या पावसाळ्यात उजव्या दिव्याच्या काचेला आतून वाफ धरायला लागली. थोडी वाफ कुठल्याही गाडीत धरते, दिवे लावून फेरी मारली की जाते. माझी जाईना. मग तळाशी थेंब साचले, गणपतीत डीआरएलची, म्हणजे दिवसाही चालू राहणाऱ्या दिव्याची पट्टी लुकलुकायला लागली आणि दसऱ्यापर्यंत तो अख्खा दिवाच गेला. सर्व्हिस सेंटरमधला पोरगा म्हणाला, "काका, यात बल्ब नसतो. पूर्ण असेंब्लीच बदलायला लागेल." आकडा सत्तावीस हजार. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपलेली. वर पार्ट यायला अठरा दिवस! तेवढे दिवस गाडी काणी. समोरून येणारे मोटरसायकल समजून बिनधास्त अंगावर यायचे. रात्रीचं बाहेर पडणंच बंद केलं.

माझ्या मेव्हण्याचे एलईडी पाचव्या वर्षीही ठणठणीत आहेत, हेही सांगायला हवं. नशिबाचा भाग असेल. पण नशीब फिरलं तर काय, याचं उत्तर दोन दिव्यांचं फार वेगळं आहे.

हॅलोजनचा बल्बही उडतो, उलट जास्त वेळा उडतो. गेल्या वर्षी घाटातच डावा डिपर, म्हणजे जवळचा खालचा झोत, गेला. माझ्या दिव्यातल्या एच-४ प्रकारच्या बल्बात दोन तारा असतात, डिपरची ५५ वॅटची आणि अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, ६०ची. एक गेली तरी दुसरी बहुधा शाबूत असते, त्यामुळे तो दिवा अगदीच मुका होत नाही. वळणावर जागा बघून थांबलो, बायकोने मोबाइलचा टॉर्च धरला. मागचा प्लग ओढला, रबराची टोपी काढली, तारेची क्लिप सोडवली, नवा बल्ब रुमालात धरून बसवला. काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तिथेच काच तापून बल्ब लवकर जातो. दहा मिनिटं आणि दोनशे रुपये.

उजेड कमी पडतो म्हणून हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब मात्र कोंबू नका. तो आरसा तारेच्या जागेवर बेतलेला असतो, उजेड फाकतो आणि समोरचा आंधळा होतो. १००/९० वॅटचे जादा ताकदीचे बल्ब मूळ वायरिंगवर लावाल तर होल्डर वितळतो, तो उद्योग मी तरुणपणी करून बसलोय.

शहरातच फिरणार असाल आणि वाढीव वॉरंटी घेणार असाल, तर एलईडी खुशाल घ्या. माझ्यासारखं महिन्यातून चारदा रात्री घाट चढायचा असेल, तर मधलं मॉडेल एकदा चालवून बघा. माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन बल्ब जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेले असतात.