दोन घरांचं एक घर झालंय, तर संध्याकाळी कोणती मालिका लावावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दुसरं लग्न आता देवळात चार माणसांत उरकून गप्प बसायची गोष्ट राहिलेली नाही. तिची मुलगी, त्याची दोन पोरं, वर त्याची आई, अशी घरं आता गल्लीगल्लीत दिसतात. अशा घरातलं कुणी ना कुणी विचारतंच, की पोरांना घेऊन बसून बघता येईल असं काही सांगा. घर आपल्यासारखं असावं, पण सावत्र आईचा छळ आणि रडारड नको. अशा वेळी माझ्यासमोर चार नावं येतात. 'द ब्रॅडी बंच', 'स्टेप बाय स्टेप' आणि 'मॉडर्न फॅमिली' या तीन अमेरिकन विनोदी मालिका, आणि चौथी आपली 'अग्गंबाई सासूबाई'.

हसू किती येतं यापेक्षा मी एकच गोष्ट बघतो. जे माणूस घरात नाही, म्हणजे वारलेली आई किंवा सोडून गेलेला बाप, त्याचं मालिका काय करते? कारण जोडलेल्या घरात खरं दुखणं तिथंच असतं. पितृपक्षात अविधवा नवमीला नव्या बाईनं पहाटे उठून पहिलीच्या नावानं स्वयंपाक करायचा असतो. वरण-भात, भाजी, खीर, सगळं रीतीप्रमाणे होतं. आणि दहा वर्षांचा पोरगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत असतो, कारण आईला खिरीपेक्षा कडबोळी आवडायची हे त्या घरात त्याला एकट्याला आठवतं. तो बोलत नाही, आणि त्याला कुणी विचारतही नाही. या पोराला शेजारी बसवून जी मालिका बघता येईल ती खरी.

'द ब्रॅडी बंच' अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 1969 ते 1974 या काळात चालली. पाच हंगाम, 117 भाग. माइक ब्रॅडी हा वास्तुविशारद, त्याचे तीन मुलगे. कॅरोलच्या तीन मुली. सोबत स्वयंपाकपाणी बघणारी अ‍ॅलिस, आणि सहा पोरांत एक न्हाणीघर. पहिल्याच भागात लग्नाच्या दिवशी धाकटा बॉबी आपल्या वारलेल्या आईचा फोटो लपवून ठेवतो. नव्या आईला तो आवडायचा नाही असं त्याला वाटतं. बाप त्याला फोटो परत जागेवर ठेवायला लावतो, आईला विसरायचं नाही म्हणून सांगतो. एवढ्या एका प्रसंगासाठी तो भाग मी कुठल्याही नव्या घराला आधी दाखवीन. आपल्याकडे तर टीव्हीच्या वरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. तो तिथंच ठेवायचा की आतल्या खोलीत हलवायचा, यावरून दोन्हीकडची वडीलधारी माणसं महिना महिना धुसफुसत असतात.

पण पुढं मालिका तो धागा सोडून देते. मुलगे कॅरोलला लगेच आई म्हणू लागतात, मुली माइकला बाबा. मुलींच्या खऱ्या वडिलांचं काय झालं, हे पाच वर्षांत एकदाही सांगितलं जात नाही. निर्माते शेरवूड श्वार्ट्झ यांना कॅरोल घटस्फोटित दाखवायची होती. त्या काळात वाहिनीला ते नको होतं, म्हणून विषयच टाळला गेला. परिणाम असा, की तीन मुली आपल्या बापाचं नाव न काढता मोठ्या होतात. ज्या घरात बाप जिवंत आहे, दर महिन्याला फोन करतो किंवा करत नाही, त्या घरातल्या मुलीला हे बघून आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटू शकतं. तरी लहान पोरांसाठी हिच्यासारखी दुसरी सोपी मालिका नाही. सिंड्रेलाची गोष्ट बघून बॉबीच्या डोक्यात सावत्र आईची धास्ती बसते आणि तो घर सोडून निघायची तयारी करतो, असा एक भाग आहे. त्यात कॅरोल त्याला ज्या शांतपणे समजावते ते बघून मोठ्यांनीही शिकावं. आरडाओरडा नाही, मारझोड नाही, आणि आजीसमोर लाज वाटावी असा एक शब्द नाही.

'स्टेप बाय स्टेप'बद्दल थोडक्यात. 1991 ते 1998, सात हंगाम. बांधकामाची कामं घेणारा घटस्फोटित फ्रँक आणि ब्युटी पार्लर चालवणारी विधवा कॅरोल जमैकाला सहलीला जाऊन परस्पर लग्न करून येतात आणि दोघांच्या तीन तीन पोरांना मग सांगतात. एका घरात दोन पक्ष पडलेत, हे ही मालिका 'ब्रॅडी'पेक्षा मोकळेपणानं कबूल करते. अभ्यासू डेना आणि आळशी जे.टी. एकमेकांना सोडत नाहीत. कॅरोलची मुलं फ्रँकला नावानंच हाक मारतात, हेही खरं वाटतं. पण विनोद बहुतेक टोमण्यांचा, त्यावर पाठीमागून हशा. आपल्या घरात आधीच टोमणे चालू असतील तर त्यात भर कशाला? आणखी एक गोष्ट मला खटकते. फ्रँकचा धाकटा ब्रेंडन शेवटच्या हंगामात दिसेनासा होतो आणि घरातलं कुणी त्याची चौकशी करत नाही. नट सोडून गेला असेल, मालिकांत हे चालतं. पण नवं बाळ आल्यावर घरात आपली जागा राहील का, अशी भीती मनात धरून बसलेल्या मुलासमोर ही मालिका लावायला माझा हात धजावत नाही.

आता 'मॉडर्न फॅमिली'. 2009 ते 2020, अकरा हंगाम, 250 भाग. सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार सलग पाच वर्षं. साठीतला जे प्रिचेट, त्याची कोलंबियातून आलेली तरुण बायको ग्लोरिया, तिचा आधीच्या लग्नाचा मुलगा मॅनी. जेची स्वतःची मुलं मोठी, संसारात पडलेली. मुलगी क्लेअर साधारण नव्या सावत्र आईच्याच वयाची. सावत्र नात्याची अडचण पोरांनाच असते असं आपण धरून चालतो. इथं ती पस्तिशी ओलांडलेल्या बाईलाही आहे, आणि वडिलांच्या दुसऱ्या लग्नात जुन्या बायकोनं येऊन घातलेला गोंधळ अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

यातल्या दुसऱ्याच भागात मॅनीला त्याचा खरा बाप फिरायला न्यायला येणार असतो. मॅनी तयार होऊन वाट बघतो. तिकडं ग्लोरियानं जे आणि मॅनीला मिळून छताचा पंखा बसवायच्या कामाला लावलेलं. तिथं दोघांचं वाजतं आणि मॅनीच्या बापाबद्दल जे कडू बोलून जातो. मग फोन येतो, बाप येत नाही. आता मी बरोबर होतो असं म्हणायची संधी जेच्या हातात आहे. तो ती घेत नाही. बापाला येणं जमलं नाही, पण ही मोठी गाडी त्यानंच तुझ्यासाठी पाठवलीय, असं सांगून तो पोराचं मन राखतो. माझ्या मावसबहिणीच्या घरी वडगावात हा भाग लागला होता, तेव्हा तिच्या मुलीनं पहिला प्रश्न केला, 'पण त्यानं खोटं कशाला सांगितलं?' उत्तर तिच्या सावत्र वडिलांनी दिलं, अडखळत, अर्धं कन्नडमध्ये. खोटं सांगावं की नाही यावर नंतर जेवताना घरात दोन तट पडले, आणि त्या मुलीच्या वडिलांचं नाव त्या घरात पहिल्यांदाच मोकळेपणानं निघालं. मालिकेकडून याहून जास्त काय मागावं?

सीमाभागातल्या घरांना ही मालिका जवळची वाटावी याचं दुसरं कारण भाषा. खानापूरकडची भात खाणारी, मराठी माध्यमातली पोरं आणि अथणीकडची, घरी कन्नड बोलणारी, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली पोरं एका ताटाभोवती आली की भांडण भाषेचं नसतं, पण भाषेतून निघतं. दोघं भाऊ कन्नडमध्ये काही बोलून हसले की पलीकडच्या मुलीला ते आपल्यावरच हसले असं वाटतं. शाळेत तीही कन्नड शिकते, पण शाळेतलं कन्नड आणि भावाभावांचं कन्नड यात अंतर असतं. ग्लोरिया आणि मॅनी स्पॅनिशमध्ये बोलायला लागले की जेचा चेहरा नेमका तसाच होतो. एकदा ग्लोरिया चिडून त्याला विचारते, स्पॅनिशमध्ये मी किती हुशार आहे याची तुला कल्पना तरी आहे का? दुसऱ्या भाषेच्या घरात नांदायला आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हे मनातून कळेल. बायकोच्या भाषेशी जेची खरी गट्टी जमते ती अगदी मालिकेच्या शेवटाकडं. उशीर होतो, पण होतं, आणि हा वेग मला खरा वाटतो.

दोष आहेतच. ग्लोरियाच्या उच्चारांवर विनोद फार, आणि अशा विनोदानं घरातल्या कुणाच्या बोलण्याची टिंगल करायची सवय पोरांना लागू नये हे बघावं लागतं. काही संवाद निव्वळ मोठ्यांसाठी आहेत. जेचा मुलगा मिचेल आणि त्याचा जोडीदार कॅमेरॉन यांनी व्हिएतनाममधून मुलगी दत्तक घेतली आहे. माझ्या मते ती या मालिकेतली सगळ्यांत मायेची बाजू आहे, पण आजी-आजोबा शेजारी असतील तर प्रश्न येणार, आणि उत्तर द्यायची तयारी हवी.

आजी शेजारी असतील तर मात्र 'अग्गंबाई सासूबाई' आधी. झी मराठीवर जुलै 2019 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत विधवा आसावरीचं लग्न शेफ अभिजीत राजेंशी होतं, आणि पुढाकार सुनेचा, शुभ्राचा. विरोध करणारा कोण, तर पोटचा मुलगा सोहम. निवेदिता सराफ, गिरीश ओक, तेजश्री प्रधान, आणि आजोबांच्या भूमिकेत रवी पटवर्धन. हे आजोबा म्हणजे आसावरीच्या वारलेल्या नवऱ्याचे वडील. म्हणजे जो माणूस घरात नाही त्याचा बापच घरात बसलेला आहे, आणि त्याच्यादेखत सुनेनं नवा संसार मांडायचा. अशी पेचाची जागा तिन्ही अमेरिकन मालिकांत मिळून नाही. आपल्या घरांत ती रोजची आहे. पहिल्या नवऱ्याच्या आईवडिलांना सांभाळत दुसरं लग्न केलेल्या बाईला गल्लीत काय काय ऐकावं लागतं ते बेळगावात सांगायला नको. आजोबांचा धाक, मग हळूहळू होणारा बदल, आसावरीची घाबरट धांदल, हे सगळं पटवर्धन आणि सराफ यांनी जीव ओतून केलंय.

अडचण रोजच्या मालिकेची जी असते तीच. गोष्ट ताणली जाते, लग्नानंतर सोहम फार काळा रंगवला जातो. विरोध करणाऱ्या मुलाला खलनायक केलं की त्याच्या भीतीचं काय, हा प्रश्न बाजूला पडतो. तुमच्या घरात कॉलेजातला मुलगा आईच्या लग्नावर रुसून बसला असेल, तर त्याला हे दाखवू नका. आपल्यालाच बोललं जातंय असं त्याला वाटेल.

तर निवड कशी करायची? पोरं दहाच्या आतली असतील तर 'ब्रॅडी'चा पहिला हंगाम घ्या, फोटोचा भाग आणि सिंड्रेलाचा भाग तर नक्कीच. पुढचे हंगाम नाही बघितले तरी चालतील. इंग्रजी कानावर नसेल तर मोठ्यांपैकी कुणीतरी शेजारी बसून मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगत राहावं. हे काम सावत्र आई किंवा सावत्र वडिलांनी अंगावर घेतलं तर उत्तम, कारण बोलायला निमित्त मिळतं. पोरं बारा-तेराच्या पुढची असतील तर मी सरळ 'मॉडर्न फॅमिली' म्हणेन. पहिला हंगाम आधी तुम्ही दोघांनी रात्री बघून घ्या, कुठले भाग पोरांबरोबर बघायचे ते ठरवा, आणि पंख्याचा भाग त्यात धरा. लग्नाला घरातल्या जुन्या पिढीची अजून ना आहे, बोलणंच खुंटलंय, अशी स्थिती असेल तर दुपारी आजीबरोबर 'अग्गंबाई'चे लग्नापर्यंतचे भाग लावा आणि तिथं थांबा. 'स्टेप बाय स्टेप' घर रुळल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी, पोरं एकमेकांच्या खोड्या हसून सोसायला लागली की बघायला हरकत नाही.

आणि रिमोट पहिल्या आठवड्यात सगळ्यांत धाकट्याच्या हातात द्या. एखाद्या प्रसंगाला त्यानं मालिका मध्येच बंद केली, तर का केलीस असं लगेच विचारू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची की नाही हे त्यालाच ठरवू द्या.